स्क्रीन नसलेला संगणक: दुरून चालवायचा, जवळून सांभाळायचा

तळहातावर मावणारा, काही हजार रुपयांचा रास्पबेरी पाय किंवा त्याच्यासारखा छोटा संगणक आज शाळेला, वाचनालयाला, दूध संकलन केंद्राला किंवा रोपवाटिकेला परवडतो. कोलिब्रीसारखे मोफत सॉफ्टवेअर टाकले तर तो इंटरनेट नसतानाही वर्गातल्या टॅबलेटवर धडे पोचवतो. सेन्सर जोडले तर हवेचे तापमान आणि जमिनीतली ओल नोंदवतो. हार्डडिस्क जोडली तर हिशेबाच्या संगणकाची रोजची प्रत राखून ठेवतो. यातल्या कुठल्याच कामाला मॉनिटर, कीबोर्ड, माउस लागत नाही, म्हणून ते जोडलेलेही नसतात. अडचण येते ती पुढे, काहीतरी अडल्यावर. जाणकार माणूस नगरला किंवा पुण्याला असतो. नगर जिल्ह्यातल्या जामखेडचेच घ्या: तिथे रेल्वे नाही, नगर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, आणि जामखेडहून पुढे खर्डा किंवा नान्नज अशा गावी जायचे तर पाच मिनिटांच्या दुरुस्तीला त्याचा अख्खा दिवस जातो. तेव्हा संगणकाचा ताबा दुरून घेता यावा, हे सगळ्यांनाच पटते, आणि लगेच विचारले जाते: त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर टाकू? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. त्याआधी विचारायला हवे, की जोडणी तुटेल तेव्हा काय होणार? कारण ग्रामीण भागात हा संगणक बंद पडण्याची आणि दुरून त्याच्यापर्यंत पोचता न येण्याची कारणे बहुतेक वेळा एकच असतात. लाइट गेली की संगणकही जातो आणि राउटरही. दूरच्या ताब्याची खरी गरज ज्या घडीला असते, त्याच घडीला तो हाताशी नसतो. म्हणून ही सोय उभारताना जवळच्या माणसाला आधी जमेस धरायचे आणि दूरच्या माणसाला नंतर.

जामखेडमध्ये हा विचार नवा नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढेही अंतराचाच प्रश्न होता: डॉक्टर जामखेडला, आजारी माणूस खेड्यात. प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी ठेवण्याचा पहिला प्रयत्न जमला नाही. मग गावाने निवडलेल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवायला सुरुवात झाली. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत आणि गावात परतून काम करत. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९९०च्या दशकात तो आकडा तिशीच्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतीण आणि संगणक यांची बरोबरी कोणी करणार नाही, मीही करत नाही. पण त्या प्रकल्पाने कामाच्या वाटणीबद्दल जे सिद्ध केले, ते इथे लागू पडते. तज्ज्ञाशिवाय होतच नाहीत अशी कामे थोडी असतात. उरलेली जागेवरच्या माणसाला नीट शिकवली तर तो ती करतो, आणि मगच तज्ज्ञाचा थोडा वेळ कारणी लागतो. दूरचा ताबा हा तज्ज्ञाचा थोडा वेळ आहे, एवढे धरून पुढची सगळी रचना करावी.

यातून लगेच निघणारी गोष्ट म्हणजे, संगणकाचा पूर्ण डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, चित्रे आणि माउसचा बाण, दुरून पाहण्याची गरज वाटते त्यापेक्षा खूप कमी असते. वारणेचा दाखला इथे घेण्याजोगा आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उभी राहिली. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले, तर तिथल्या संगणकांवर मुख्यतः ऊस उत्पादकांची ठरावीक कामे चालत होती: किती ऊस गेला, किती खत उचलले, किती येणे आहे. मग काही गावांत प्रयोग म्हणून तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली आणि काम भागले. संगणकांच्या देखभालीचा खर्च मात्र टळला. आपल्या छोट्या संगणकालाही तोच प्रश्न विचारा. त्याच्याकडून रोज काय हवे आहे? चालू आहे की नाही, डिस्क किती भरली, कालची प्रत निघाली का, एखादी सेवा पुन्हा सुरू करायची का. ही सगळी कामे एसएसएच या जोडणीतून, काळ्या पडद्यावरच्या चार ओळींत होतात. त्या ओळींना काही किलोबाइट पुरतात. डेस्कटॉपचे चित्र सतत पाठवायचे तर त्याच्या शेकडो पट डेटा लागतो. टॉवरपासून लांबच्या वस्तीवर, मोबाइलची एकच काडी दिसत असताना, हा फरक काम होणे आणि न होणे यातला असतो. त्यातही मॉश नावाची जोडणी वापरली तर मध्ये नेटवर्क गेले तरी ती तुटत नाही, आणि टीमक्स वापरले तर अर्धवट राहिलेले काम संगणकावर चालूच राहते.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: आमच्याकडे कमांड लिहिणारे कोणी नाही, माउसने दाबता येईल असेच काहीतरी द्या. उत्तर असे, की डेस्कटॉप टाकून द्या असे मी म्हणत नाही. तो दुसऱ्या पायरीवर ठेवा. पहिल्या पायरीचा, म्हणजे एसएसएचचा, पाया मेमरी कार्ड तयार करतानाच घालता येतो. रास्पबेरी पायचे इमेजर हे सॉफ्टवेअर कार्ड लिहिण्यापूर्वी संगणकाचे नाव, वापरकर्ता, वाय-फाय आणि एसएसएच यांची माहिती विचारते. ती तिथेच भरली की मॉनिटर एकदाही न जोडता संगणक उभा राहतो. वाय-फायच्या खाली देश म्हणून भारत निवडायला विसरू नका. देश ठरवल्याशिवाय वाय-फाय सुरूच होत नाही, आणि स्क्रीन नसल्याने का सुरू होत नाही तेही कळत नाही. शक्य असेल तर वाय-फायऐवजी राउटरपासून सरळ केबल टाका, आणि राउटरमध्ये या संगणकाचा अंतर्गत पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि शोधाशोध सुरू होते. पासवर्डऐवजी एसएसएचच्या ‘की’ची, म्हणजे डिजिटल किल्लीची, जोडी वापरा. तिचा खासगी भाग तुमच्या लॅपटॉपवर राहतो, सार्वजनिक भाग संगणकावर जातो. ही ‘की’ चालते आहे हे दुसऱ्या खिडकीतून आत शिरून पाहा, पहिली खिडकी तोवर उघडीच ठेवा, आणि मगच पासवर्डने प्रवेश बंद करा. हा क्रम उलटा झाला तर स्वतःच लावलेल्या कुलपाबाहेर उभे राहण्याची वेळ येते आणि नगरहून एसटी पकडावी लागते.

डेस्कटॉपसाठी प्रामुख्याने दोन वाटा आहेत, व्हीएनसी आणि आरडीपी. व्हीएनसी सहसा समोर चालू असलेलाच पडदा दाखवते. आरडीपीसाठी लिनक्सवर एक्सआरडीपी टाकले तर ते बहुधा तुमच्यासाठी वेगळा पडदा उघडते. या फरकातून एक नेहमीचा गोंधळ होतो: तोच वापरकर्ता आधीच डेस्कटॉपवर असेल तर एक्सआरडीपीतून पुष्कळदा नुसती काळी खिडकी दिसते. अशा वेळी संगणकाला सुरू होताना डेस्कटॉपवर न नेता साध्या कन्सोलवर थांबवावे. मग दुरून मागणी आली तरच डेस्कटॉप उभा राहतो आणि एरवी तो मेमरी खात नाही. एक-दोन जीबीच्या संगणकावर हे जाणवते. व्हीएनसी घ्यायची तर जुन्या मार्गदर्शनापासून सावध राहा. २०२३च्या ऑक्टोबरात आलेल्या रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून नव्या यंत्रांवरची पडद्याची व्यवस्था बदलून वेलँड आली आणि तिच्याबरोबर व्हीएनसीचा सर्व्हरही वेव्हीएनसी झाला. त्याआधीच्या सूचना तंतोतंत पाळल्या तरी आता त्या लागू पडत नाहीत, आणि चूक आपलीच आहे असे वाटत राहते. मॉनिटर नसल्यामुळे पडद्याचा आकार ठरत नाही आणि चित्र इवलेसे किंवा कोरे येते. त्यासाठी रास्पी-कॉन्फिग या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये स्क्रीनविना चालणाऱ्या यंत्राचे रेझोल्यूशन ठरवून द्यायची सोय आहे. हे सगळे आधी त्याच इमारतीत, त्याच राउटरवर चालवून पाहा. इमारतीत न चालणारी गोष्ट इंटरनेटवरून चालणार नाही.

आता इंटरनेटचा भाग, जिथे सर्वांत मोठ्या चुका होतात. पुष्कळ जण राउटरमध्ये जाऊन एक पोर्ट उघडतात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या कुणालाही सरळ या संगणकापर्यंत वाट देतात. ‘आमच्या एवढ्याशा डब्यावर कोण कशाला हल्ला करेल’ हा यामागचा विचार. पण हल्ला करणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो. तो मुळात माणूसच नसतो. इंटरनेटवरचे सगळे पत्ते एकामागून एक ठोठावत जाणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात आणि उघडलेले पोर्ट काही तासांत त्यांना सापडते. २०१६ साली मिराई या प्रोग्रॅमने कारखान्यात ठरवलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून कॅमेरे आणि राउटर यांसारखी लाखो छोटी यंत्रे ताब्यात घेतली. त्या यंत्रांच्या बळावर त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन कंपनीच्या सेवेवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना कित्येक तास उघडेनात. ती यंत्रे कोणा मोठ्या संस्थेची नव्हती, तुमच्या-आमच्या घरांतली होती. रास्पबेरी पायवरही पूर्वी सगळ्यांना एकच ठरलेले नाव आणि पासवर्ड असे. २०२२च्या एप्रिलमध्ये ते काढून टाकले गेले, पण जुनी कार्डे अजून चालू असतील तर ती आजच तपासा. आरडीपीबद्दल, २०१९च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने ब्लूकीप नावाची त्रुटी जाहीर केली. ती इतकी गंभीर होती, की पाठबळ संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. ती त्रुटी विंडोजमधली होती, लिनक्सवरच्या एक्सआरडीपीत नव्हती. तरीही लॉगिन करण्याआधीच आत शिरता येते अशी त्रुटी याच दारात निघू शकते, हे तिने दाखवले. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत तर पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरे धरली जातात आणि पडद्याचे चित्र उघडेच प्रवास करते.

सुदैवाने मोबाइल डेटावर आणि पुष्कळशा ब्रॉडबँड जोडण्यांवर असे पोर्ट उघडताच येत नाही, कारण कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवते. लोक याला अडथळा समजतात. मी तो फायदा मानतो. मार्ग आतून बाहेर जाणारा हवा: संगणकाने स्वतः बाहेर जोडणी करायची आणि तुम्ही त्याच जोडणीतून आत जायचे. वायरगार्ड हे त्यासाठीचे उत्तम साधन २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, पण त्यासाठी दोन टोकांपैकी एकाला सार्वजनिक पत्ता लागतो. तो नसेल तर वायरगार्डवरच उभारलेले टेलस्केल दोन्ही टोके जुळवून देते. यंत्र रास्पबेरी पाय असेल तर २०२४पासून रास्पबेरी पाय कनेक्टही आहे. त्यात ब्राउझरमधून टर्मिनल आणि डेस्कटॉप दोन्ही उघडतात. व्हीएनसी अशा खासगी जाळ्यातून किंवा एसएसएचच्या बोगद्यातून नेली, की तिची वर सांगितलेली उणीव झाकली जाते. इथे दुसरा आक्षेप येतो: मग आपण ही सेवा देणाऱ्या कंपनीवर अवलंबून राहिलो ना? राहिलो, काही प्रमाणात. म्हणून वाट एकच ठेवू नये. एक टेलस्केलची आणि एक कनेक्टची, अशा दोन वेगवेगळ्या वाटा असल्या तर एक बंद पडली तरी दुसरीवरून जाता येते. याहूनही महत्त्वाचे म्हणजे ही खाती तंत्रज्ञाच्या खासगी ईमेलवर नकोत. ती संस्थेच्या ईमेलवर हवीत, दुहेरी पडताळणीसह. तंत्रज्ञ उद्या नोकरी बदलेल आणि त्याच्या खात्यातून शाळेचा संगणक उघडा राहील, हा धोका मला बाहेरच्या हल्लेखोराइतकाच मोठा वाटतो.

तिसरा आक्षेप सोयीचा: फोनवरून ताबा देणारी तयार ॲप आहेत, नंबर सांगितला की झाले, मग एवढी यातायात कशाला? पहिली अडचण साधी आहे. त्या पद्धतीत समोर बसलेल्या माणसाने नंबर वाचून सांगायचा असतो आणि परवानगी द्यायची असते. स्क्रीन नसलेल्या यंत्रापुढे हे कोण करणार? माणसाशिवाय चालेल असा कायमचा पासवर्ड त्यात ठेवला, की तो एकच पासवर्ड म्हणजे सगळी किल्ली होते. दुसरी अडचण सवयीची. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना इशारा दिला होता, की अशाच दूर-ताब्याच्या ॲपमधून फोनचा ताबा घेऊन खात्यातले पैसे काढले जात आहेत. ‘साहेबांचा फोन आला की नंबर सांगायचा’ ही सवय शाळेतल्या शिपायाला किंवा केंद्रावरच्या पोराला लावणे म्हणजे त्याला पुढच्या फसवणुकीसाठी तयार करणे. नंबर सांगावाच लागत नाही अशी रचना त्याच्यासाठी जास्त सुरक्षित आहे.

वीज हा विषय मार्गदर्शनात दोन ओळींत उरकला जातो, तालुक्याच्या ठिकाणी मात्र सगळे त्यावरच अडते. हिशेब करून पाहा. छोटा संगणक हलक्या कामाला सुमारे पाच वॅट घेतो, राउटर दहाच्या आसपास. दोन्ही मिळून पंधरा. बाजारात सहज मिळणारी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते, पण ती टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे ४२. त्यावर दोन्ही यंत्रे पावणेतीन तास चालतील. भारनियमन त्याहून लांबले तर बॅटरी मोठी घ्या किंवा सौर पॅनेल जोडा. पण राउटर विसरून एकट्या संगणकाला बॅटरी देऊ नका, कारण मग तो जिवंत असूनही पोचता येत नाही. दुसरे, पाय ४ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, पाय ५ला ५ अँपिअरचा; मोबाइलचा चार्जर लावला तर व्होल्टेज पडते, यंत्र मंदावते, अधूनमधून स्वतःच बंद-चालू होते. मॉनिटर असता तर कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसले असते. इथे ते पाहायला कोणी नाही, म्हणून टर्मिनलवरून ते मुद्दाम विचारावे लागते. तिसरे, लिहिता लिहिता लाइट गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडते. नोंदी साठवायच्या नसतील तर रास्पी-कॉन्फिगमधून कार्ड फक्त वाचण्यापुरते ठेवता येते. साठवायच्या असतील तर त्या एसएसडीवर जाऊ द्या. चौथी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: पाय ४ आणि त्याआधीच्या यंत्रांना स्वतःचे चालते घड्याळ नाही. लाइट आली आणि नेट आले नाही, तर यंत्र जुनीच वेळ धरून बसते, नोंदींवर चुकीच्या तारखा पडतात, आणि सुरक्षित जोडण्याही कधी कधी वेळ जुळत नाही म्हणून नाकारल्या जातात. दोन-तीनशे रुपयांचे घड्याळाचे मॉड्यूल हा त्रास संपवते. आणि कपाटात जुना चालू लॅपटॉप पडून असेल तर नवा डबा घेण्याआधी त्याचा विचार करा. त्याला बॅटरी, घड्याळ, कीबोर्ड आणि पडदा सगळे आहे, वीज थोडी जास्त खातो एवढेच.

आता जवळचा माणूस. ‘शिक्षक बदलून जातात, केंद्रावरचा मुलगा पुण्याला जातो, त्यांना शिकवून काय उपयोग’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो खोटाही नाही. म्हणूनच एकाला नव्हे, दोघांना शिकवा, आणि त्यातला एक त्या गावचाच असू द्या. त्यांना लिनक्स यायला हवे असे नाही, एवढे आले की पुरे: यंत्र नीट बंद कसे करायचे, त्यासाठी डब्यावर एक बटण बसवता येते. दिवे कुठले चालू असायला हवेत. राउटर आणि संगणक यांपैकी आधी काय सुरू करायचे. आणि कार्ड बिघडले तर सोबत ठेवलेले दुसरे, तयार करून दिलेले कार्ड कसे बदलायचे. हे शेवटचे काम दोन मिनिटांचे आहे आणि दूरच्या तज्ज्ञाला ते कितीही पगारावर जमणार नाही. या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, डब्यालाच चिकटवलेल्या कागदावर हव्यात. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको, तो कार्यालयाच्या कपाटात बंद पाकिटात. आणि जे लोक या यंत्राच्या आसपास वावरतात त्यांना त्याचा ताबा दुरून घेतला जातो हे माहीत असायला हवे. कॅमेरा जोडला असेल, मुलांची किंवा रुग्णांची नावे साठवली असतील, तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती माहिती जपण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. अशी माहिती लागत नसेल तर या यंत्रावर ती ठेवूच नका.

सगळे जमले असे वाटले की उभारणाऱ्याने लगेच निघू नये. संगणक चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करावे, बॅटरी संपेपर्यंत थांबावे, आणि मग लाइट सुरू करून आपल्या हातांनी काहीही न करता पाहावे: यंत्र स्वतः उठते का, वेळ बरोबर दाखवते का, मोबाइल डेटावरून, शाळेच्या वाय-फायवरून नव्हे, दोन्ही वाटांनी आत जाता येते का. मग राउटरची इंटरनेटची केबल काढावी आणि गावातल्या त्या दोघांपैकी एकाला, कागद हातात देऊन, कार्ड बदलायला सांगावे. तो अडेल तिथे कागदावरची ओळ दुरुस्त करावी, आणि दुसऱ्याकडून तेच पुन्हा करून घ्यावे.